पांढरीबाहेरची घरे : शिरूर-दौंडच्या जुन्या वस्त्यांचा इतिहास कसा वाचावा

गावाचा इतिहास लिहायला निघालेला माणूस प्रथम वाड्याच्या दारात जातो. ते समजण्यासारखे आहे. वाड्याला दगडी जोते असते, दिंडी दरवाजा असतो, चौक असतो, सागाच्या तुळया असतात. वाड्यात पेटी असते आणि पेटीत कागद असतात : सनदा, महजर, वाटण्या, खते. घरातली पेटी वाळवीने खाल्ली तरी पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल शाबूत आहेत. त्यामुळे पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्या घरांच्या सात-आठ पिढ्या सांगता येतात. कोणी कोणता सोपा बांधला, कोणत्या भावाच्या वाट्याला किती खण आले, हेही सांगता येते. आणि त्याच गावाच्या कडेला जी घरे तितकीच वर्षे उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली, त्यांच्याविषयी ग्रामइतिहासात एकच ओळ सापडते : ‘गावाबाहेर महारवाडा आहे.’

ही ओळ लिहिणारा खोटे लिहीत नाही. पण तो काय लिहीत नाही, याचा विचार आपण केला पाहिजे. ज्या घराला कागद नाही त्याला इतिहास नाही, असा नियम कोणी केला? आणि तो नियम मान्य करून आपणही स्वस्थ बसायचे काय? मी पेशाने शिक्षक आहे. गेली काही वर्षे घोड आणि भीमा या नद्यांकाठच्या गावांतून विद्यार्थ्यांसह हिंडतो आहे. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे दोन तालुके. त्यांच्या उदाहरणाने हा प्रश्न मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात वाड्यापासून न करता त्याहून पुष्कळ मागे जाऊन करू. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती मातीखालून वर आली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. त्या लोकांना लिपी नव्हती. एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. तरीही संशोधकांनी घराच्या जमिनी, चुली, बळदे, खांबांचे खळगे मोजून मापून त्या गावाची रचना उभी केली. मधोमध पाच खोल्यांचे एक मोठे घर निघाले, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे असावे असा त्यांनी तर्क केला. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती. पुढे हवामान कोरडे झाले, गाव गरीब झाले, तेव्हा ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. मेलेल्या लहान मुलांना कुंभात घालून घराच्या जमिनीतच पुरत असत, हेही कळले.

यावरून तीन हजार वर्षांपूर्वी जात होती, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. मला यातून वेगळेच घ्यावयाचे आहे. नाव नाही, कागद नाही, लिपी नाही, तरीही घर बोलते. त्याची लांबी-रुंदी, त्याची जागा, गावाच्या मध्यापासून त्याचे अंतर, त्यातील चूल, हा सारा पुरावा आहे. ही पद्धत इनामगावच्या घरांना लागू पडते, तर त्याच तालुक्यातील शंभर वर्षांपूर्वीच्या महारवाड्याला, मांगवाड्याला, चांभारवाड्याला का लागू पडू नये? इनामगावच्या चुलींचे नकाशे छापून निघाले. आपल्या आजीची चूल कोठे होती याचा नकाशा मात्र कोणी काढलेला नाही. आणि ती चूल तर काल-परवापर्यंत पेटत होती!

*

मराठी गावाची जमीन दोन शब्दांत सांगतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी, पांढरी म्हणजे राहण्याची. पिढ्यान्‌पिढ्या घरांची माती पडून, राख मिसळून जी पांढुरकी टेकडी तयार होते, ती पांढरी. गावाचा मान, गावची देवता, गावचा अधिकार सारे पांढरीशी जोडलेले. या पांढरीच्या बाहेर, वेशीपलीकडे, बहुधा पूर्वेला, अस्पृश्यांची वस्ती. आपल्याकडे वारा वर्षातील बराच काळ पश्चिमेकडून वाहतो. पूर्वेला वस्ती ठेवली की तिच्यावरचा वारा गावात येत नाही. म्हणजे विटाळाचा विचार करताना माणसांनी वाऱ्याचाही हिशेब केला होता. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवर लादलेल्या गावच्या नियमांची यादी दिली, तीत त्यांनी दक्षिण दिशा सांगितली आहे, कारण ती अशुभ. दिशा बदलते, न्याय बदलत नाही.

त्याच यादीत आणखी एक नियम आहे : अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गुन्हा. जुन्या घरांचा अभ्यास करणाऱ्याने हे वाक्य उशाशी ठेवावे. महारवाड्यातील घर बुटके का, त्याला जोते का नाही, भिंत कुडाची किंवा ओबडधोबड दगड-चिखलाची का, छप्पर पाचटाचे का, याचे उत्तर ‘गरिबी’ असे देऊन आपण मोकळे होतो. गरिबी होतीच. पण गरीब कुणब्याचे घरही दोन खणांचे आणि धाब्याचे असे. त्यावर त्याला वर्षाकाठी पांढरी माती टाकता येई आणि मुलाचे लग्न झाले की तिसरा खण वाढवता येई. महाराच्या घराला वाढण्याची मुभा नव्हती. ऐपत आली तरी गावाच्या डोळ्यांत खुपेल असे घर बांधायचे नाही, हा अलिखित कायदा होता. या घरांच्या भिंती म्हणजे त्या कायद्याची बाडे आहेत. वाचता येणाऱ्याला ती वाचता येतात.

दुसरी गोष्ट जागेची. वाड्याची जागा मालकीची. महारवाड्याची जागा कशाची? ती गावकीची, म्हणजे चाकरीची. येसकराने वेशीवर पहारा करायचा, तराळाने वसूल तालुक्याला पोचवायचा, सरकारी माणसाचे ओझे पुढल्या गावापर्यंत न्यायचे, मेलेले ढोर ओढायचे, वाड्यावर लाकूड फोडायचे, कोणी मेले तर सांगावा घेऊन गावोगाव पळायचे. याबद्दल बलुते आणि वतनाची थोडी जमीन. त्र्यं. ना. आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात या यंत्राचे वर्णन वाचावयास मिळते. पण वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे, ती घरालाच घातलेली बेडी होती. चाकरी सोडली तर जमीन जाते, जमीन गेली तर घराची जागाही डळमळते. आणि चाकरी कोणा एकट्याची नसून साऱ्या महारवाड्याची. म्हणून अनेक गावच्या जुन्या दप्तरात जमिनीपुढे माणसाचे नाव नसते, ‘समस्त महार’ अशी नोंद असते. वाड्यातील चुलतभावांच्या वाटण्यांचे कागद पसाभर आणि इकडे पन्नास कुटुंबांना मिळून एक नाव!

यात एक विसंगती आहे. गावची शीव कोठून जाते याचा तंटा झाला की निवाड्याला महाराची साक्ष लागे. शीव चालून दाखवण्याचा मान त्याचा. साऱ्या गावच्या हद्दी ज्याच्या तोंडी होत्या, त्याच्या स्वतःच्या घराची हद्द मात्र कोठे लिहिली गेली नाही.

१८७४ च्या वतन कायद्याने इंग्रज सरकारने ही जुनी गुलामी कलमांत बसवली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्याला चाकरी नको आहे त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे होता यावे, बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे, अशी त्याची दिशा होती. ते विधेयक १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. पुढे कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. महार वतने जायला १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायदा यावा लागला. १ ऑगस्ट १९५९ पासून तो लागू झाला. साऱ्याच्या पटीत रक्कम भरून जमीन वतनदारांना परत मिळाली, पण ‘नवीन शर्ती’ची म्हणून, परवानगीशिवाय विकता न येणारी. गावकी कायद्याने संपली. घरांच्या जागांचे मात्र कोणी कोणाच्या नावे लिहून दिले, हे गावोगाव तपासण्यासारखे आहे.

*

घर पाडले गेल्याची एक हकिगत या भागातून थेट इतिहासाच्या पुस्तकात गेली आहे. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यात त्याचे घर घेतले आणि ते पाडण्यास सुरुवात केली. देशमुखाचे घर पडताना पाहून गाव पेटले. गावाने सावकारावर बहिष्कार घातला, न्हावी-परीट-पाणक्यांनी काम सोडले. पुढच्या वर्षी १२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा झाला आणि शिरूर, भीमथडी, इंदापूर भागात तो पसरला. हेच ते दख्खनचे दंगे. त्यावर सरकारने आयोग नेमला, १८७९ साली कायदा केला.

देशमुखाच्या घराबद्दल आपल्याला आकस असण्याचे कारण नाही. अन्याय तो अन्याय. पण एका घराच्या पाडण्याने सारा तालुका हलतो, आणि बहिष्कार हे गावाचे शस्त्र सावकारावर दोन-चार महिने चालले म्हणून त्याची इतिहासात नोंद होते. तेच शस्त्र ज्यांच्या घरांवर पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्यांची पडलेली घरे कोणत्या आयोगाने मोजली? देशमुखाच्या घराला नाव होते, किंमत होती, हुकूमनामा होता. म्हणून त्याचे पडणे ‘घटना’ झाली. आपली घरे पडत, तो केवळ पावसाळा असे.

कोरेगावचेही असेच. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा कोरेगावात पेशव्याच्या फौजेशी दिवसभर लढली. लढाई गावातल्या गल्ल्यांतून, घराघरांतून झाली. नंतर गाव पाहणाऱ्यांनी जळालेली घरे आणि गल्ल्यांतील प्रेते यांचे वर्णन लिहून ठेवले. नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत जयस्तंभ उभा राहिला. त्यावरील ४९ मृतांच्या नावांत २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययावरून महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तेथे आले आणि त्या दगडाला नवा अर्थ प्राप्त झाला. आपल्या पूर्वजांची नावे दगडावर कोरलेली असण्याचा हा फार दुर्मीळ प्रसंग! पण ती नावेच आहेत. ही माणसे ज्या घरांतून निघाली ती घरे कोठे होती, मागे कोण राहिले, हे स्तंभ सांगत नाही. त्याच शिरूरला १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याचे थडगे आहे. आसपासचे लोक त्याला सत्पुरुष मानून नैवेद्य दाखवीत, अशी नोंद १८८५ च्या पुणे गॅझेटियरात आहे. परक्या साहेबाच्या थडग्याला देवपण देणारे गाव स्वतःच्या तराळाच्या घराला साधे नावही देत नाही. समाजाचे मन समजायला याहून चांगला धडा नाही.

*

पांढरीबाहेरच्या या घरांतून बाहेर पडण्याच्या वाटा तीन होत्या, आणि तिन्हींच्या खुणा या दोन तालुक्यांत घरांच्या रूपाने उभ्या आहेत : लष्कर, मिशन आणि रेल्वे.

लष्कराची वाट शिरूरच्या छावणीपासून सुरू होते. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला महार सुभेदार किंवा शिपाई वस्तीत परतला की त्याच्या घराला बहुधा पहिले जोते येई, पहिला लाकडी दरवाजा येई. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली आणि ही वाट आटली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत ती जवळजवळ आटलेलीच होती. म्हणून वस्तीत एखादे जुने दगडी घर दिसले तर प्रथम विचारावे : या घरात पलटणीत कोण होते?

मिशनची वाट. शिरूरला १८४१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. महार-मांगांतील काही कुटुंबे ख्रिस्ती झाली. या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या वह्यांत आपल्या माणसांची आई-बापांसह, गावासह नावे लिहिली गेली. ‘समस्त महार’ या शब्दातून सुटून माणूस स्वतःच्या नावाने कागदावर आला, तो असा. दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो बायका-मुलींना तेथे आणून वसवले. तेथल्या इमारतींना प्रीती सदन, कृपा सदन अशी नावे होती. जातीने वस्तीचे नाव ठरणाऱ्या मुलखात आश्रयाच्या नावाने घर ओळखले जाणे ही साधी गोष्ट नव्हे. पण या वाटेचा हिशेबही पुरा झालेला नाही. एकाच आढ्याखाली राहिलेल्या दोन भावांपैकी एक बौद्ध झाला, दुसरा ख्रिस्ती. १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती भाऊ अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिला. बौद्धाला १९९० साली केंद्राच्या यादीत जागा मिळाली. भिंत एकच, अलीकडच्या घराला घरकुल मिळते, पलीकडच्याला त्या योजनेतून मिळत नाही.

रेल्वेची वाट दौंडची. पुण्याहून भीमेकाठाने सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८५८ मध्ये या भागात आला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. खलाशी, गँगमन, कोळसा ओढणारे, इंजिन धुणारे अशा कामांना आसपासचे भूमिहीन गेले. त्यांना नंबर असलेली खोली मिळाली. येथे बलुत्याऐवजी पगार होता, येसकराच्या काठीऐवजी हजेरी होती. गावात घर जातीवरून ओळखले जाई, येथे नंबरावरून. जात रुळावरून उतरली असे नव्हे. खालची कामे खालच्यांनाच मिळाली आणि पाण्याचे तंटे चाळीतही झाले. तरी रेल्वेच्या खोलीतून मुलगा शाळेत गेला, हा फरक लहान म्हणता येणार नाही.

*

आता प्रश्न असा : हे सारे शोधायचे कसे? आपल्याच तालुक्यात याचा नमुना आहे. डॉ. हॅरॉल्ड मान आणि ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची घरोघर पाहणी करून १९२१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. जमीन, कर्ज, उत्पन्न, खाणे-पिणे यांचा त्यांनी हिशेब मांडला. शंभर वर्षांपूर्वी दोन संशोधक हे करू शकले, तर त्याच मातीतील शिक्षक आणि विद्यार्थ्यांना ते अवघड नाही. वस्तीचा नकाशा काढावा. प्रत्येक घराचे खण मोजावेत. भिंत कशाची, छप्पर कधी बदलले, पत्रा कोणत्या साली आला, तक्क्या कोठे होता आणि त्याचा बुद्धविहार किंवा समाजमंदिर केव्हा झाले, पाणवठा कोणता, तो १९७२ च्या दुष्काळात कोठे गेला, हे लिहावे. म्हाताऱ्या बायांना आवर्जून विचारावे. घर सारवणारीला घराची जितकी माहिती असते तितकी कर्त्या पुरुषाला नसते. नंतर कागदाकडे जावे : ग्रामपंचायतीचा नमुना ८, शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदी, वतनाचे फेरफार, चर्चच्या वह्या, पलटणीचे पेन्शनचे कागद.

हे काम हौसेचे नाही, निकडीचे आहे. एप्रिल २०२० पासून देशभर गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. तिचा प्रयोग आधी आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला होता. मोजणीनंतर घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. ड्रोनला छप्पर दिसते, त्या छपराखाली किती पिढ्या गेल्या ते दिसत नाही. शिवाय मोजणी गावठाणाची. वस्ती जर गावठाणाच्या रेषेबाहेर, वतनाच्या किंवा गायरानाच्या तुकड्यावर असेल, तर पत्रिका तिच्या उंबऱ्यापर्यंत पोचेलच असे नाही. म्हणजे ज्या रेषेने आजोबाला पांढरीबाहेर ठेवले, तीच रेषा नातवाला मालकीबाहेर ठेवू शकते. २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणांच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा किती वस्त्यांची झोप उडाली हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे जमिनीचे भाव चढलेले आहेत. अशा वेळी ‘आम्ही येथे पिढ्यान्‌पिढ्या आहोत’ हे वाक्य पुरेसे नसते. नकाशा लागतो, साल लागते, साक्ष लागते.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाड्याचे भीमनगर झाले, समतानगर झाले. ते योग्यच झाले. अपमानाची पाटी उतरलीच पाहिजे. परंतु पाटी उतरवताना तिच्याखालचा पुरावा पुसला जाणार नाही, याची काळजी आपणच घेतली पाहिजे. नव्या नावाच्या वस्तीत कोणाचे घर कोठे होते, कोण कोणत्या चाकरीला बांधलेला होता, कोणी प्रथम गावकी नाकारली, हे लिहिलेले नसेल, तर उद्याचा इतिहासकार म्हणेल, येथे एक नगर होते, ते २०२० साली वसले.

पत्र्याची आणि स्लॅबची घरे आता सर्वत्र येत आहेत. आली पाहिजेत. कुडाच्या भिंतीचे कौतुक तिच्यात न राहिलेल्यांनी करावे. पण जुनी भिंत पाडण्याआधी एक दिवस टेप घेऊन तिच्यापाशी उभे राहावे, लांबी-रुंदी लिहावी, आतल्या माणसांची नावे लिहावीत, एकेकट्याची, आईच्या नावासह. त्या कागदाची एक प्रत शाळेत ठेवावी आणि एक ग्रामपंचायतीत देऊन तिची पोच घ्यावी.